२५ मे २०११ : फरिदाबादची एअर ॲम्ब्युलन्स दुर्घटना

पाटण्याहून अत्यवस्थ रुग्णाला दिल्लीला नेणारे पिलाटस पीसी-१२ हे एका इंजिनाचे छोटे विमान या दिवशी रात्री खराब हवामानात सापडले आणि हरियाणातील फरिदाबादच्या पर्वतीय कॉलनीत घरांवर कोसळले. विमानातील सातही जण दगावले. दाटीवाटीच्या वस्तीत आपल्या घरी असलेल्या तीन महिलांनाही जीव गमवावा लागला. एकूण बळी १०.

स्ट्रेचर, ऑक्सिजनचे सिलिंडर, शेजारी डॉक्टर, अशा विमानात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. नेमकी हीच घाई वैमानिकावर दडपण आणते. म्हणून हवाई रुग्णसेवेत काही ठिकाणी रुग्णाची अवस्था वैमानिकाला सांगतच नाहीत. उड्डाणाचा निर्णय त्याने केवळ हवामान पाहून घ्यावा, हा हेतू. ही शिस्त सर्वत्र हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गंभीर आजारावरचे उपचार आपल्याच शहरात मिळाले, तर असा जिवावरचा प्रवास कितीतरी रुग्णांना करावाच लागणार नाही. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून मुंबई-पुण्याकडे धावणाऱ्या रुग्णवाहिकाही हेच सांगत आहेत. जिल्हा रुग्णालये सक्षम करणे, हीच त्या दहा जणांना खरी आदरांजली ठरेल.