शोभिवंत मत्स्यपालन

काचेच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील लहान, रंगीत माशांच्या आरोग्यरक्षणाचा इतिहास म्हणजे मुख्यतः पाण्याविषयीच्या ज्ञानाचा इतिहास होय. चीनमध्ये सुंग राजवटीत (९६०–१२७९) सोनमासे पाळले जात. बंदिस्त पाण्याचा रासायनिक विचार मात्र बराच उशिरा सुरू झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. कुजलेल्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा ती खाणाऱ्या गोगलगाई त्याने टाकीत सोडल्या. ह्यातून ‘समतोल टाकी’ची कल्पना रूढ झाली. तिच्यात प्राणवायूचा विचार होता. पण माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे पुढे काय होते, हे उमगले नव्हते. अमोनियाचे नायट्राइटात व त्याचे नायट्रेटात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंवर सर्गेई व्हिनोग्राडस्की ह्यांनी १८९० च्या सुमारास मूलभूत संशोधन केले. अमोनिया व नायट्राइट माशांना विषारी असून नव्या टाकीत हे जंतू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. ह्या काळात मासे दगावतात ते बहुधा विषबाधेने. दोष मात्र रोगाला दिला जातो आणि औषधाने पाणी आणखीच बिघडते.

खरा रोग ओळखण्यातही प्रगती झाली. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगास कारणीभूत असलेल्या आदिजीवाचे वर्णन फूके ह्यांनी १८७६ मध्ये केले. हा परजीवी त्वचेखाली असताना त्यावर औषध चालत नाही. तो पाण्यात मुक्तपणे पोहू लागल्यावरच मारता येतो. त्यामुळे ठिपके दिसेनासे होताच उपचार थांबविल्यास रोग उलटतो.

मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले व काचेआडचे जलजीवन सामान्य प्रेक्षकांच्या पाहण्यात आले. खेड्यांत मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेकडील गप्पी मासा पोहोचला तो बव्हंशी आरोग्य खात्यामार्फत, डासांच्या अळ्या खाण्यासाठी. कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) हे गाव ज्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात मोडते, तेथील विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. गप्पी व मोली ह्यांना ते मानवते. मऊ, आम्लधर्मी पाण्यातील निऑन टेट्राला तितकेसे नाही. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात. असे क्लोरीनयुक्त पाणी कल्ल्यांना इजा करते, शिवाय टाकीतील उपयुक्त जंतूही मारते. म्हणून ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट घालून मगच वापरतात. पाणी बदलताना ते एकदम सर्व न बदलता थोडे थोडे बदलतात आणि गाळणीचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळतात.