कपाटाच्या किल्लीवर संशोधन

बडोदा संस्थानात 1906 साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले. शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरेही विसरतात, हे सयाजीराव गायकवाडांनी ओळखले. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावले. पुढच्याच वर्षी ग्रंथपालांचा वर्ग निघाला. 1913 साली याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. ग्रंथपाल आणि संशोधक, दोघेही एकाच खजिन्यातून घडले.

ग्रंथालय हाच संशोधनाचा विषय व्हावा, यासाठी पुढे डॉ. रंगनाथन यांनी स्वतःच्या बचतीतले 1 लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले आणि पत्नी शारदा यांच्या नावे अध्यासन उभे केले.

मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते 1958 साली. आज कुंभार पिंपळगावचा पदव्युत्तर विद्यार्थी ग्रंथालय व माहितीशास्त्रात नेट देऊन अधिछात्रवृत्ती मिळवू शकतो. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. प्रश्न विषय निवडण्याचा आहे.

माध्यमिक शाळेला ग्रंथपाल मिळतो तो पटसंख्येवर. लहान शाळेत कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते. ते कपाट आठवड्यात किती वेळा उघडते? मोबाइलवर आलेली माहिती मूल कशाशी ताडून पाहते? हे कुणी गावात बसून मोजले, तरच ग्रंथपालाचे पद मागताना पुरावा हाती राहील. शिष्यवृत्तीचा पैसा त्या किल्लीपर्यंत पोचायला हवा.