ट्रॅक्टर लहान कसा झाला आणि कोणाच्या दारात उभा राहिला

बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्ते आणि कर्ज यांच्या जोडीने एक विषय हमखास निघतो. गटाने मिनी ट्रॅक्टर घ्यावा का? घेतला तर ठेवायचा कुठे, चालवायचा कोणी, आणि भाड्याचे पैसे कोणाच्या हातात? या प्रश्नांना शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो कळला, की आपला निर्णय घ्यायला सोपं जाईल. म्हणून आज ट्रॅक्टरची गोष्ट, आणि तीही लहान ट्रॅक्टरची.

सुरुवात नांगरापासून करू. आपल्याकडे पूर्वी लाकडी नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष उतरतं, असा समज होता. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडीला कारखाना उभा राहिला आणि तोच नांगर गावोगावी गेला. पण त्या काळीही एक गोष्ट पक्की होती. नांगर गड्याचा, खुरपं बाईचं. बऱ्याच गावांत तर बाईने नांगराला हात लावू नये, पाऊस जातो, असं मानत. पेरणीत मूठ धरायला बाई चालते, निंदणीला चालते, कापणी-मळणीला चालते. नांगराला तेवढी चालत नाही. हे लक्षात ठेवा, कारण ट्रॅक्टर आला तो या नांगराच्या जागी आला. म्हणून तो आपसूक पुरुषाचा ठरला.

आता जरा परदेशात जाऊ. 1917 साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी फोर्डसन नावाचा स्वस्त ट्रॅक्टर काढला. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडमध्ये माणसं लढाईवर, शेतं ओस, अन्नाची टंचाई. सरकारने हे ट्रॅक्टर मागवले आणि शेतीसाठी स्त्रियांची एक फौजच उभी केली. शहरातल्या, खेड्यातल्या मुली ट्रॅक्टर चालवायला शिकल्या. पुढे 1933 साली सोव्हिएत देशात, आज जो भाग युक्रेनमध्ये आहे तिथे, पाशा अँजेलिना नावाच्या तरुणीने फक्त स्त्रियांची ट्रॅक्टर-तुकडी उभी केली. म्हणजे बाईला ट्रॅक्टर जमत नाही हे म्हणणं कधीच खरं नव्हतं. गरज पडली, की तिला लगेच शिकवलं गेलं. गरज सरली, की किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या खिशात गेली.

तो फोर्डसन एका बाबतीत वाईट होता. मागे ओढायचा नांगर दगडाला अडकला, की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाई आणि तो चालकावर उलटे. यावर उपाय काढला आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी. अवजार साखळीने मागे ओढण्याऐवजी ते तीन ठिकाणी ट्रॅक्टरलाच जोडायचं आणि तेलाच्या दाबाने वरखाली करायचं. 1939 साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही जोडणी आली. 1946 पासून फर्ग्युसन यांचा स्वतःचा लहानसा राखाडी ट्रॅक्टर निघाला, तो पाच लाखांहून अधिक बनला. आज आपल्या मिनी ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर ज्या तीन टोकांना अडकवतात, ती हीच जोडणी. ताकद अंगात नसली तरी दांडी खाली-वर करून जड अवजार उचलता येतं, हे या शोधामुळे झालं.

पण खऱ्या अर्थाने ट्रॅक्टर लहान केला तो जपानने. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जमीन सुधारणा झाल्या, कुळं मालक झाली, पण वाट्याला जमीन आली साधारण एक हेक्टर. तीही चिखलातली भातखाचरं. तिथे मोठा ट्रॅक्टर काय कामाचा? मग हाताने धरून मागे चालायचे पॉवर टिलर लाखोंच्या संख्येने निघाले, आणि त्यानंतर चार चाकांचे छोटे ट्रॅक्टर. कुबोटा कंपनीने 1960 साली असा ट्रॅक्टर काढला आणि 1969 पासून ते अमेरिकेतही विकायला सुरुवात केली. त्याच काळात जपानी पुरुष कारखान्यांत कामाला जाऊ लागले. शेती कोण करणार? आजोबा, आजी आणि घरची आई. जपानी लोक या तिघांना लाडाने जी-चान, बा-चान, का-चान म्हणतात, म्हणून या शेतीचं नावच पडलं तीन ‘चान’ची शेती. आपल्याकडे मुंबई-पुण्याला, ऊसतोडीला, एमआयडीसीत माणसं गेली की मागे कोण राहतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या देशात येऊ. स्वातंत्र्याच्या वेळी ट्रॅक्टर बाहेरून यायचे. लढाईनंतर मागे उरलेले मोठे ट्रॅक्टर सरकारने मध्य भारतात कांस नावाच्या चिवट गवताने व्यापलेली जमीन मोकळी करायला वापरले. आपल्याकडे हराळी आणि कुंदा जसा छळतो, तसंच ते. 1959 साली फरीदाबादला आयशरचा देशी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर निघाला. 1963 साली महिंद्राने परदेशी कंपनीबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना काढायचं ठरवलं. 1974 साली पंजाबात स्वराज आला, त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनियरांनी केला होता. हे ट्रॅक्टर पंजाब-हरियाणाच्या सपाट, मोठ्या शेतांना जुळणारे. 1967 पासून बंगळुरात जपानी मदतीने पॉवर टिलर बनू लागले, ते कोकण आणि भातपट्ट्यात दिसू लागले.

आपल्या शेतांचं मात्र उलटंच चाललं होतं. 1970-71 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 च्या गणनेत ती 1.34 हेक्टर झाली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. भाऊ वेगळे झाले, बांध वाढले. एवढ्याशा वावरात बैलजोडी सांभाळणं परवडेना, कडबा महागला, गडी मिळेना. आणि त्याच वेळी नाशिक, तासगावकडे द्राक्षं आणि सांगोल्याकडे डाळिंबं वाढली. दोन ओळींमधून जायला अरुंद, बुटका ट्रॅक्टर हवा होता. 2010 च्या सुमारास महिंद्राचा 15 अश्वशक्तीचा युवराज बाजारात आला, व्हीएसटी, कॅप्टन, स्वराज, कुबोटा यांचेही छोटे ट्रॅक्टर दिसू लागले. बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात, यावरून 15 म्हणजे किती ते ओळखा.

यंत्राने पहिलं काम कोणाचं हलकं केलं? नांगरट, कोळपणी, वाहतूक, म्हणजे जास्त करून गड्याचं. वाकून करायची कामं, निंदणी, लावणी, वेचणी, आपल्याकडेच राहिली. उलट शेत भराभर तयार होऊ लागल्यावर ती कामं कमी दिवसांत उरकायची घाई वाढली. म्हणून यंत्र घेताना गटाने विचारायला हवं, की यातून आमच्या कमरेचं कोणतं काम कमी होणार आहे?

आता मालकीकडे येते. 1986 साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेने महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं. तिथून पुढे शरद जोशींच्या संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली. नवऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांत हे झालं, ते लक्ष्मी मुक्तीचं गाव. 1992 साली राज्य सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावायला मदत व्हावी म्हणून परिपत्रक काढलं. 1994 साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारा कायदा केला, 2005 साली तो देशभर झाला. हे आज का सांगते? कारण अनुदान, कर्ज, नोंदणी, सगळं सातबाऱ्यावरच्या नावामागे चालतं. 2014-15 पासूनच्या केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत महिला शेतकऱ्याला अनुदान 50 टक्क्यांपर्यंत, इतर शेतकऱ्यांना 40 टक्क्यांपर्यंत, त्यालाही कमाल मर्यादा. मग काय होतं? अर्ज बाईच्या नावे, सही बाईची, आणि ट्रॅक्टर गेला दिराच्या वाड्यात.

गटांसाठीही योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना समाजकल्याण खात्याकडून 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने 90 टक्के अनुदानावर मिळतात. साडेतीन लाखांच्या मर्यादेत गटाने 35 हजार भरायचे. गटात किमान 80 टक्के सभासद या घटकांतले हवेत, अध्यक्ष आणि सचिवही त्यांतलेच. नियम आणि रकमा बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.

ट्रॅक्टर आला, आता ठेवायचा कुठे? बैल गोठ्यात बांधत होतो, वैरण-पाणी बाईच करत होती. ट्रॅक्टरची देखभालही तशीच अंगणात होते. पावसाळ्यात धुराड्यावर डबा उपडा घाला, नाहीतर पाणी इंजिनात उतरतं. महिनोन्‌महिने उभा ठेवायचा असेल तर डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत आतून दव धरतं. बॅटरीची तार सोडा. शेजारी कडब्याची गंजी नको, एकतर आगीची भीती आणि दुसरं म्हणजे उंदीर वायरी कुरतडतात. रोटाव्हेटरच्या पात्यांची माती धुऊन तेलाचा हात फिरवा. आणि उभा करताना अवजार नेहमी जमिनीवर टेकवा, ब्रेक लावा, किल्ली काढा. वर उचलून ठेवलेल्या अवजाराखाली पोरं खेळायला जातात.

वाहतुकीचंही तसंच. मिनी ट्रॅक्टर लांबच्या गावी भाड्याने न्यायचा तर पिकअपमध्ये चढवतात. फळ्या मजबूत आणि लांब हव्यात, चढ कमी हवा. मागच्या बाजूला वजन जास्त असतं, म्हणून उभ्या चढावर तोंड पुढे करून नेला तर मागे उलटायची भीती. जाणती माणसं तो उलटा, मागच्या चाकांनी चढवतात आणि चारही बाजूंनी बांधतात. रस्त्याने नेताना ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर हवाच. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच, चालकाची. मडगार्डवर बसून बाजाराला जाणं, ट्रॉलीत वऱ्हाड किंवा मजूर बाया भरणं, यात किती घरं उजाड झाली ते आपण बातम्यांत ऐकतोच. अशा वेळी विम्याचे पैसेही बहुतेकदा अडतात.

एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ट्रॅक्टरमागे फिरणारा जो दांडा मळणी यंत्राला किंवा रोटाव्हेटरला ताकद देतो, त्याला पीटीओ म्हणतात. तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर किंवा वेणी त्यात गेली, तर ओढून घ्यायला वेळच मिळत नाही. मळणी यंत्रांवर इतके अपघात झाले, की 1983 साली देशात धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि जखमींना भरपाईची तरतूद झाली. दांड्यावरचं झाकण काढू देऊ नका. साडीवर शर्ट घालून, पदर खोचून, केस बांधूनच जवळ जा.

तर सख्यांनो, ट्रॅक्टरच्या मोठ्या कारखान्यांची कहाणी आपल्या पायरीशी येऊन थांबली आहे. घ्यायचा की नाही, हे गटाने ठरवावं. मात्र घ्यायच्या आधी ठरावाच्या वहीत पाच ओळी लिहा. आरसी बुकवर नाव कोणाचं. रात्री उभा कोणाच्या जागेत, आणि त्या जागेचं भाडं किती. किल्ली कोणाकडे. रोजचे तास आणि डिझेल कोण लिहिणार. आणि गटातल्या कोणत्या दोघी आधी चालवायला शिकून लायसन्स काढणार. या पाच ओळींवर सगळ्यांच्या सह्या झाल्या, की मगच दुकानात जा.