मूढगर्भापासून जोखीमघटकापर्यंत : उपजत मृत्यूच्या कारणमीमांसेचा इतिहास

गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत पोटातच दगावणाऱ्या अपत्याविषयीची कारणमीमांसा भारतीय परंपरेत प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील आठवा अध्याय मूढगर्भाला, म्हणजे प्रसूतिमार्गात अडलेल्या गर्भाला, वाहिलेला आहे. त्यात कारणांच्या दोन मांडण्या आढळतात. पहिलीत वाहनप्रवास, दूरची चाल, ठेच, पतन, आघात यांची यादी असून देठापासून सुटणाऱ्या फळाची उपमा योजली आहे. दुसरीत, गर्भ उदरातच मृत होण्यास मातेचे मानसिक क्लेश, बाह्य आघात आणि व्याधी कारणीभूत मानल्या आहेत. गर्भाचे स्पंदन थांबणे हे त्या मृत्यूचे लक्षणही तेथे नोंदले आहे.

या मांडण्यांतील भेद लक्षणीय आहे. पहिलीत बहुतांश क्रिया स्त्रीच्या आहेत. दुसरीत स्त्री स्वतःच पीडित आहे. लोकसमजुतीचा कल मात्र पहिलीकडे राहिला. ग्रहणकाळी गर्भवतीने काही चिरू नये यांसारख्या निषेधांत गर्भाच्या हानीचा दोष तिच्या वर्तनावरच येतो.

१८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवी घेताना आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा अवघे दहा दिवस जगला होता. तो उपजत मृत्यू नव्हे. परंतु ज्या विषयात स्त्री केवळ निषेधांची धनी होती, त्यात ती येथे शास्त्राची भाषा बोलणारी झाली.

आधुनिक वैद्यकाने ‘कारणा’शेजारी ‘जोखीमघटक’ ही संज्ञा आणली. मातेचा उच्च रक्तदाब, मधुमेह, सिफिलिससारखे संसर्ग, तंबाखूसेवन, पस्तिशीनंतरचे गर्भारपण, गर्भाची खुंटलेली वाढ, लांबलेली प्रसूती आणि पूर्वीचा उपजत मृत्यू हे त्यांतील प्रमुख होत. बाळाची हालचाल मंदावणे ही आजही तातडीने तपासणी करून घेण्याची खूण मानली जाते. ही संज्ञा संभाव्यता सांगते, अपराध नव्हे. सखोल तपासणीनंतरही अनेक मृत्यूंचे कारण उमगत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे २० लाख उपजत मृत्यू होत होते व त्यांतील ४० टक्क्यांहून अधिक प्रसूतिवेदना सुरू झाल्यानंतरचे होते. त्यांपैकी बहुतेक वेळीच मिळालेल्या कुशल साहाय्याने टळण्याजोगे असतात. म्हणजे सर्वांत मोठ्या जोखमीपैकी एक गर्भवतीच्या आचरणात नसून तिच्यापर्यंत न पोचणाऱ्या सेवेत आहे. ‘तिने काय केले?’ या प्रश्नाची जागा ‘तिला काय मिळाले नाही?’ या प्रश्नाने घेणे, हाच या इतिहासातील खरा पालट होय.