चकाकीची पाठ

मंचेरियलला आमच्या अंगणात उभी असलेली वडिलांची फियाट ११०० पुन्हा रंगवून घ्यायचे ठरले, तेव्हा पेंटरने आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत पहिला प्रश्न विचारला, "साब, बंपरचं काय? चंदेरी मारून टाकू?" मला तो अपमान वाटला. क्रोमच्या बंपरला रंग? पण या चकाकीचा इतिहास चाळत गेलो, तसतसे माझे मत पालटले.

मोटारींच्या आरंभकाळात क्रोम नव्हतेच. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामांची १९१२ सालची रोल्स-रॉइस जतन केलेली आहे. त्या पिढीतल्या गाड्यांचे दिवे आणि कड्या पितळेच्या किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या असत. त्या काळवंडत, म्हणून सतत घासाव्या लागत. क्रोमियम हे मूलद्रव्य वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ च्या सुमारासच शोधले होते. पण विजेच्या साह्याने त्याचा मुलामा चढवण्याचा धंदा १९२० नंतरच्या दशकात उभा राहिला. न काळवंडणारी चमक पाहून मोटारवाले तिच्यावर भाळले. पुढे युद्ध आले. १९४२ च्या आरंभी अमेरिकेत धातू वाचवण्यासाठी नव्या गाड्यांच्या चकचकीत पट्ट्यांवर बंदी आली आणि त्या रंगवून विकल्या गेल्या. म्हणजे पट्टीला रंग मारणे ही केवळ गरिबाची युक्ती नव्हे!

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली. तीच पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. तेव्हा गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. एकदा मिळालेली गाडी मग दोन पिढ्या चाले आणि घरातला धाकटा दर रविवारी तिचा बंपर पुसे. तो धाकटा मी.

मला तेव्हा ठाऊक नव्हते की मी ज्याला पुसत होतो तो क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. खरा भार त्याच्याखालच्या निकेलवर असतो. काही वेळा त्याहीखाली तांबे असते. क्रोमला सूक्ष्म भेगा असतातच. निकेललाही छिद्र पडले की पाणी लोखंडापर्यंत पोचते, आणि निकेल शेजारी असल्याने ते लोखंड अधिकच वेगाने गंजते. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. निकेलच्या अंगी तो त्याग नाही.

नवा मुलामा देता आला असता. पण त्या टाक्यांतल्या षट्संयुजी क्रोमियमने कामगारांच्या कातडीला व्रण पडतात, नाकाचा पडदा झिजतो; १९९० मध्ये त्याची कर्करोगकारक म्हणून नोंद झाली. माझ्या हौसेसाठी हे कोणाच्या माथी मारावे, हा प्रश्न मला सुटेना.

शेवटी बंपर उतरवला. पुढून आरसा होता. पाठीला चिखल आणि गंजाचे पापुद्रे! इतकी वर्षे मी फक्त तोंड पुसत होतो. पाठ तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग दिला. पुढची शाबूत चकाकी सौम्य साबणाने धुऊन तिच्यावर मेण चोळले. बाजूच्या पट्ट्यांना चुंबक लावून पाहिले. ज्यांना तो चिकटला नाही त्या ॲल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेसच्या. त्यांना तिखट रसायन लावू दिले नाही. मुलामा उडालेल्या लोखंडी कड्या मात्र वॉटर पेपरने घासून, प्रायमर देऊन चंदेरी रंगवल्या. गुळगुळीत पृष्ठावर रंग धरत नाही. त्याला आधी थोडे ओरखडे हवेत.

गोदावरीकाठचे दव आणि कोळशा-सिमेंटची धूळ इथे सुटणार नाही. म्हणून पावसाळा सरला की मी आता बंपरच्या खाली हात घालून आधी पाठ चाचपतो. पुढचा आरसा मग पुसतो.