दमदमची गोळी

कोलकात्याचा विमानतळ ज्या भागात आहे, त्याचं नाव दमदम. दारूगोळ्यामुळे हे नाव इतिहासात दोनदा गाजलं. पहिल्यांदा जानेवारी १८५७ मध्ये. गाय-डुकराच्या चरबीच्या काडतुसांची कुजबुज इथल्याच छावणीतून पसरली. हे आपण शाळेत शिकतो. दुसरी हकीकत चाळीस वर्षांनंतरची. ती समजून घ्यायची तर आधी शिकारी गोळी कशी निवडत, हे पाहावं लागतं.

मोठ्या जनावराच्या शिकारीत मुख्य प्रश्न एकच: गोळी खोल जायला हवी की आत शिरून फुलायला हवी? हत्तीची कातडी जाड, कवटी त्याहून जाड. तिथे धातूच्या कवचात पूर्ण बंद असलेली टणक गोळी लागते. ती न मोडता मेंदूपर्यंत पोहोचते. 'करामोजो' बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे अशाच लहान, ७ मिलिमीटरच्या गोळ्यांनी.

वाघ-सांबराचं तसं नाही. टणक गोळी त्यांच्या अंगातून आरपार निघून जाऊ शकते. मग जखमी जनावर झाडीत पळतं, तडफडत राहतं. जखमी वाघ तर शिकाऱ्यावरच उलटतो. म्हणून त्यांच्यासाठी टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी निवडत. ती आत शिरताच चपटी होऊन पसरते, जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडतं. शिकारीच्या हिशेबात ही दयाच.

आता फौजेकडे वळू. १८८८ मध्ये ब्रिटिशांनी .३०३ इंची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिची गोळी कवचबंद होती. १८९५ च्या चित्राल मोहिमेनंतर तक्रार आली, की गोळी आरपार जाते आणि समोरचा माणूस चालून येतच राहतो. दमदमच्या कारखान्यातले कॅप्टन बर्टी-क्ले यांनी उपाय काढला. गोळीच्या टोकावरचं कवच थोडंसं काढून शिसं उघडं ठेवलं. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ही गोळी आफ्रिदी पठाणांवर चालली. पुढे सप्टेंबर १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत पोकळ टोकाची गोळी वापरली गेली.

युरोपात ओरड झाली. ट्यूबिंगेनचे शल्यचिकित्सक फॉन ब्रुन्स यांनी प्रयोग करून भयंकर जखमा दाखवल्या. ब्रिटिशांचा आक्षेप असा, की त्यांनी वापरलेल्या गोळ्या शिकारीच्या होत्या, दमदमच्या गोळीत शिसं त्यापेक्षा फार कमी उघडं असतं. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा होता. पण १८९९ च्या हेग परिषदेत ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डाघ यांनी बाजू मांडली ती अशी: सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, 'रानटी' माणूस थांबत नाही, म्हणून त्याच्यासाठी ही गोळी हवी. जखमी वाघाबद्दल शिकारी जे बोलत, तेच इथे माणसाबद्दल बोललं गेलं. गोळी शिकारीची नव्हती म्हणे, पण विचार शिकारीचाच होता.

ब्रिटन आणि अमेरिकेचा विरोध असूनही बंदीचा जाहीरनामा झाला. ब्रिटनने तो १९०७ मध्ये मान्य केला. मात्र तो बंधनकारक होता तो फक्त सही करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धात. आफ्रिदींना त्या परिषदेत जागा नव्हती आणि त्या जाहीरनाम्याचं संरक्षणही नव्हतं.

आपल्या दीनमध्ये या दोन गोष्टींचे दोन वेगळे हुकूम आहेत. जनावर जिबह करायचं तर सुरीला आधी धार लावा, त्याचे हाल करू नका. आणि युद्धात शत्रूच्याही देहाची विटंबना करू नका. पहिला हुकूम जनावराला वेदनेतून वाचवतो, तर दुसरा माणसाला माणूस म्हणून राखतो. दमदमच्या गोळीने हा फरकच पुसून टाकला.

आजही युद्धाच्या बातम्यांत एखाद्या समूहाला जनावर म्हटलेलं ऐकलं की मला दमदम आठवतं. गोळी बदलण्याआधी शब्द बदलतात. म्हणून शब्दांवर नजर ठेवायला हवी.