‘शुगर’ : वारसा की उसनवारी?

इंग्रजीतील ‘शुगर’ आणि संस्कृतातील ‘शर्करा’ यांतील साम्य हे या दोन भाषांच्या मूळ नात्याचे उदाहरण म्हणून पुष्कळदा दिले जाते. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

१७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. अशा समान वारशाच्या शब्दांत ध्वनिबदल नियमबद्ध असतो. संस्कृतातील ‘श’च्या जागी इंग्रजीत सामान्यतः ‘ह’ येतो. ‘शत’ व ‘हंड्रेड’, ‘श्वन्’ व ‘हाउंड’ या जोड्या त्याच्या साक्षी होत. ‘शुगर’ या नियमात बसत नाही. तो वारशाने आलेला नसून उसना घेतलेला शब्द आहे.

‘शर्करा’ म्हणजे मुळात खडी, बारीक खडे. उसाच्या रसापासून बनविलेल्या दाणेदार पदार्थास हे नाव रूपसाम्यामुळे मिळाले. प्राकृत ‘सक्खरा’वरून मराठीत ‘साखर’ आली. पश्चिमेकडे फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन ‘सुक्कारुम’, जुनी फ्रेंच ‘सुक्र’ अशा टप्प्यांनी तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत पोहोचला. स्पॅनिश ‘आसुकार’मध्ये अरबी उपपद ‘अल्’ आजही चिकटून आहे. स्पेन व सिसिलीत ऊस अरबांनीच नेला होता.

याच शब्दाचे आणखी दोन मार्ग आढळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने ‘साखारोन’चा उल्लेख केला आहे. त्याच्या लॅटिन रूपावरून १८७९ मध्ये शोध लागलेल्या ‘सॅकरिन’ला नाव मिळाले. मलबार किनाऱ्यावरील ‘चक्कर’ पोर्तुगीजांमार्फत ‘जॅगरी’ झाला. एकच शब्द इंग्रजीत तीन वाटांनी आला आणि तीन निराळ्या पदार्थांना चिकटला.

तात्पर्य, शब्दाचा मार्ग हा बहुतांशी मालाचा मार्ग असतो. मात्र शब्द सर्वच इतिहास सांगत नाही. १४९३ मध्ये कोलंबसने ऊस कॅरिबियन बेटांवर नेला आणि पुढे तेथील मळे आफ्रिकी गुलामांच्या श्रमांवर उभे राहिले. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार आणि १८३३ च्या कायद्याने आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी बंद केली. ‘शुगर’ शब्दाच्या ध्वनींत या यातनेची खूण उमटलेली नाही. म्हणूनच व्युत्पत्तीला सामाजिक इतिहासाची जोड देणे अगत्याचे ठरते.